एकवीस सुयांचं लिंबू

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. तरी मी अंगठा उठवत नाही, सही करते. आमच्या गल्लीत माझ्या वयाच्या नऊ बाया आहेत, त्यांतल्या आठजणी बोटाला शाई लावून घेतात. 'मनुबाई' एवढं लिहायला मला पाऊण मिनिट लागतं, पण बँकेतला साहेब थांबतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जी शोभा झाली ती ह्या सहीपायीच झाली.

सुरुवात डोळ्यापासून झाली आणि दुखायला लागली बोटं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, डाव्याचंही काही खरं नव्हतं. सांगलीच्या डॉक्टरानं बॅटरी मारून डोळा बघितला आणि प्रश्न मात्र सगळे रक्ताचे विचारले. शुगर किती असते? मी म्हटलं, "आसती बरी." त्यानं तिथंच बोटाला टोचून बघितलं, तर तीनशे अठरा. मग तो माझ्याशी बोलायचा थांबला आणि माझ्या लेकाशी, जयराजशी बोलायला लागला. जणू मी डोळ्याबरोबर कानही घालवून बसले होते. रोज चार वेळा तपासायची, वहीत लिहायची, गोळ्या वाढवून दिल्यात त्या चुकवायच्या नाहीत. सलग पंधरा दिवस दोनशेच्या आत दिसली की मगच ऑपरेशनची तारीख. तोपर्यंत डोळ्याला हात लावणार नाही.

मशीन घरात होतंच. जयराजनं मागच्या दिवाळीला आणलेलं. महिन्यातनं एकदा, कुणी पाहुणा आला की मी ते काढायची आणि पुन्हा फडक्यात बांधून ठेवायची. आता रोज चार वेळा म्हणजे देवाच्या वरताण झालं. देवाला मी दोनदाच हात जोडते.

त्या मशीनबरोबर टोचायचं एक पेन येतं. त्यात सुई बसवायची, खटका दाबला की सुई बोटात जाऊन परत येते. पेनाला एक ते पाच असे नंबर असतात. मी ते पाचावर ठेवलं होतं. घरातला पंखा पाचावर जास्त वारा देतो, तसं हेही पाचावर जास्त चांगलं चालत असणार, असा माझा हिशेब. टोचायचं ते बोटाच्या बरोबर मधोमध, गादीवर. मग थेंब यावा म्हणून बोट असं पिळायचं की जणू म्हशीला पान्हा फोडायचाय. तेवढं करून थेंब यायचा, पण डोळ्याला पट्टीचं टोक दिसायचं नाही आणि थेंब चटईवर पडायचा. मग पुन्हा टोचा. चार वेळा म्हणता म्हणता दिवसाला आठ-नऊ भोकं व्हायची.

आठ दिवसांत डाव्या हाताची चाळण झाली. भाकरी थापताना परातीत हात पडला की कळ थेट खांद्यात. मिठाला हात लावायची सोय नाही, चटणीचं तर नावच नको. सून, रेश्मा, म्हणायची, "आत्ती, सोडा, मी थापते." पण तिची भाकरी म्हणजे जिल्ह्याचा नकाशा; कुठं कडेगाव बाहेर आलंय, कुठं आष्टा आत गेलंय. मी दात खाऊन थापत राहिले.

दुखणं उंबऱ्याच्या बाहेर गेलं की गल्लीचं होतं. समोरचे लालासाहेब मिलिटरीतनं सुभेदार होऊन आलेत, त्यांना सोळा वर्षांची शुगर. त्यामुळं ते स्वतःला निम्मा डॉक्टर समजतात, आणि बाकीचा निम्मा सुभेदार असल्यामुळं ऐकून घेत नाहीत. सकाळी अंगणातनंच ओरडायचे, "वहिनी! आजचा उतारा किती?"

आमच्याकडं कारखान्याचा उतारा विचारतात तसा. शंभर किलो उसाला साखर किती पडली तो उतारा, आणि तो जेवढा जास्त तेवढा माणूस मिशीला पीळ देतो.

"दोनशे शहाऐंशी," मी सांगायची.

"आगागा! असला उतारा जिल्ह्यात कुठं न्हाई. चेअरमनला कळवू का?"

मग बोटाचं ऐकल्यावर म्हणाले, "कातडं नरम हाय वहिनी, म्हणून दुखतंय. कातडं कमवाय पायजे. पठाणकोटला रंगरूटाच्या टाचंला बूट चावला की आमी लिंबू चोळायचो. तीन दिवसात टाच फौलादी!"

माझी बोटं म्हणजे रंगरूटाची टाच नव्हे, हे त्यांना तिथल्या तिथं सांगायला पाहिजे होतं. पण दुखणाऱ्या माणसाला अक्कल उसनीच असते. मी दोन लिंबं तोडली. एक कापून नऊ भोकांवर चोळलं. त्यानंतर मी जे बोलले ते लालासाहेबांच्या घरापर्यंत ऐकू गेलं, आणि त्यांनी दोन दिवस उतारा विचारला नाही. दुसरं लिंबू तसंच मशीनच्या फडक्याशेजारी पडून राहिलं. त्या लिंबावर लक्ष असू द्या.

लिंबं तोडली म्हटलं, पण झाड आमचं नाही. झाड हरणाबाईचं. हरणाबाई माझी धाकटी जाऊ. मधे एक भिंत आहे आणि अकरा वर्षांचा अबोला आहे. कारण सांगत बसत नाही. एक वरवंटा होता. तो कुणाकडं आहे ते तिला माहीत आहे. तिचा नवरा, माझा धाकटा दीर, शुगरनंच गेला. आधी पायाचं बोट, मग पाय, मग तो. त्यानं लावलेलं ते कागदी लिंबाचं झाड, पातळ सालीचं, गल्लीत एकुलतं एक. हरणाबाई त्या लिंबाचं लोणचं घालते आणि त्यावर एकटीचं पोट चालवते. झाडाची एक फांदी भिंतीवरनं आमच्याकडं येते. आमच्या हद्दीतली लिंबं आमची असं मी धरून चालते. तिनं कधी नाही म्हटलं नाही. बोलतच नाही तर नाही तरी कशी म्हणणार? आणि तिचं लोणचं आमच्या ताटात असतं ते रेश्मानं घातलेलं आहे, असंही मी धरून चालते.

तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवर किराणा दुकान आहे, चंदनबालाचं. जैनाची सून, बोलायला मऊ. ती म्हणाली, "काकी, एवढं दुखतंय तर टोचताय कशाला? वहीत आपलं मनानं लिवा की. डॉक्टर काय बोट मोजाय येतोय?"

मी तिला चार शब्द सुनावले. खोटं लिहायला मी काय पोरगी आहे शाळेतली? सुनावताना जरा जास्तच आवाज चढला, कारण तीन दिवस मी तेच करत होते. सकाळी एकशे सत्तर, दुपारी एकशे साठ. खोटी शुगर लिहायला बोट दुखत नाही.

डावा हात पुरेना म्हणून उजवा टोचायला घेतला, आणि शेवटी उजव्या अंगठ्याचा पुढचा भाग सुजून लाल झाला तेव्हा जयराजनं मला सांगलीला नेलं. तिथं सोनिया म्हणून एक सिस्टर आहे, हडकुळी, पण आवाज हवालदाराचा. तिनं माझी बोटं उलटसुलट करून बघितली.

"आजी, सुई किती दिवसांनी बदलता?"

"बदलायची आसती?"

"ही कधीची आहे?"

"दिवाळीची."

"दिवाळीची? अहो, दोन महिने होत आले!"

"ह्या दिवाळीची न्हाई. मागच्या."

ती खुर्चीवर बसली. मी तिला समजावून सांगितलं की आमच्या घरात सुई टाकत नाहीत. सासूनं दिलेल्या सुईनं मी अकरा वाकळा शिवल्यात, ती सुई अजून आहे. ती म्हणाली, "आजी, ही वाकळ शिवायची सुई नाही. बोथट झालीय. तुम्ही टोचत नाही, खिळा ठोकताय." मग तिनं पेन पाचावरनं दोनावर आणलं, आणि सांगितलं ते मी पाठ केलं. दर वेळी नवी सुई. आपली सुई दुसऱ्याला नाही, दुसऱ्याची आपल्याला नाही. टोचायचं ते बोटाच्या कडेला, मधी नाही. मधी सगळ्या शिरा असतात, तिथं दुखतं. अंगठा आणि पहिलं बोट सोडून द्यायचं, बाकीची पाळीपाळीनं. आधी कोमट पाण्यात हात धुवायचे, हात खाली लोंबता सोडायचा, म्हणजे थेंब आपणहून येतो. पिळायचं नाही. सुजलेल्या अंगठ्याला गोळ्या दिल्या. आणि निघताना म्हणाली, "वापरलेल्या सुया उघड्या टाकू नका हं. कचरा उचलणाऱ्याला टोचतात. झाकणाच्या जाड डब्यात साठवा आणि मला आणून द्या."

खरं सांगते, घरी येऊन पहिल्यांदा कडेला टोचलं तेव्हा टोचलेलं कळलंच नाही. मी खटका पुन्हा दाबणार होते. रेश्मा म्हणाली, "आत्ती, थेंब आलाय!" मुंगी चावावी एवढंसुद्धा नाही. चार दिवसांत मी चटणीत बोट घालून चव बघायला लागले.

राहिला डबा. आमच्या घरात झाकणाचा डबा रिकामा असा नसतोच. कशात शेंगदाणे, कशात शिकेकाई. आणि सुई ही कशात तरी खुपसून ठेवायची, एवढंच मला जन्मात ठाऊक. मशीनशेजारी ते दुसरं लिंबू पडलं होतं. पहिली सुई त्यात खुपसली, छान बसली. मग दुसरी. टोकं आत, निळ्या टोप्या बाहेर. कुणाला टोचायचं भ्या नाही. पाच दिवसांच्या वीस सुया झाल्या, आणि एक ती मागच्या दिवाळीची. तिलाही निरोप दिला.

सहाव्या दिवशी सकाळी लिंबू पाझरायला लागलं, त्याला तांबडंकाळं पाणी सुटलं. सांगलीला जायला अजून अवकाश होता. मी म्हटलं घंटागाडीवाल्याच्या हातात द्यावं, सुया आहेत म्हणून बजावून. तिकटीवर जाऊन उभी राहिले. गाडी येते म्हणून उभी, येते म्हणून उभी. गुडघे बोलायला लागले. गाडी काही आली नाही. शनिवारी ती येत नाही हे नंतर कळलं. मी लिंबू तिकटीलगत, हरणाबाईच्या दारासमोरच्या दगडावर ठेवलं, तिथनं गाडीवाला बघेल म्हणून, आणि घरी येऊन भाकरी थापायला बसले.

शनिवार होता हे मला माहीत नव्हतं. अमावस्या होती हेही माहीत नव्हतं. कॅलेंडर दिसत असतं तर डोळ्याच्या दवाखान्यात कशाला गेले असते?

अर्ध्या तासात चंदनबालाची किंकाळी आली. दुकान उघडायला आली आणि दगडावर बघते तर लिंबू, त्यात सुया, खाली रक्तासारखं पाणी. गल्ली गोळा झाली. लालासाहेबांनी काठीच्या टोकानं लिंबू फिरवून सुया मोजल्या.

"एकवीस! मोजून एकवीस! ही साधी करणी न्हाई."

"मी ह्यातलं काय मानत न्हाई," चंदनबाला म्हणाली, "पण दुकान आज बंद."

मग कुणीतरी म्हणालं, लिंबू बघा. साल बघा. पातळ, कागदी. गल्लीत असलं झाड एकच. सगळ्यांच्या माना एकदम हरणाबाईच्या दाराकडं वळल्या. ती केरसुणी हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं लिंबाकडं बघितलं, मग लोकांकडं, मग माझ्याकडं. माझ्याकडं जरा जास्त वेळ. पण मला कुठं नीट दिसतंय.

रेश्मा माझ्या कानाशी आली. "आत्ती, त्या सुया..."

"गप."

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण तेवढ्यात लालासाहेब गरजले, "जिनं हे क्येलं तिला गाढवावर बसवाय पायजे!" आणि मी त्यातली 'जिनं' होते. शिवाय लिंबू माझं म्हणायचं तर झाड तिचं हेही म्हणायला लागणार, अकरा वर्षं मी तोडते हेही, आणि सुया माझ्या म्हटलं की शुगर तीनशे अठरा हेही. म्हटलं, दोन दिवसांत विसरतील लोक. एवढ्यासाठी एवढं कशाला.

ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की आता जादूटोण्याविरुद्ध कायदा झालाय. त्यांनी वही काढली. "पंचनामा करावा लागंल. वस्तूचं वर्णन: लिंबू, नग एक. रंग पिवळा. सुया, नग एकवीस. मालक?"

त्यांनी गल्लीवरनं नजर फिरवली.

"मालक: अज्ञात. बरं, पंच कोण? सही येणारं माणूस द्या. अंगठा असला की तालुक्याला साहेब कटकट करतो."

"मनुआक्का!" सगळेच म्हणाले. "आमच्या गल्लीत आक्काएवढं वजनदार कोण हाय?"

मला खुर्ची आणून दिली. वही मांडीवर ठेवली. पेन हातात दिलं. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या वेळी माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली सांगू? पेन धरताना अंगठा दुखला नाही. किती दिवसांनी. मी सावकाश, सुबक, पाऊण मिनिट घेऊन 'मनुबाई' लिहिलं. माझ्याच लिंबाखाली.

दोन दिवसांत कुणी विसरलं नाही. तिसऱ्या दिवशी लालासाहेबांची म्हैस दूध चोरायला लागली. ती दर पौषात चोरते, पण ह्या पौषात कारण मिळालं. चंदनबालाच्या भावकीत कुणाला ताप आला. मग बायांनी आपापल्या घरातल्या हरणाबाईच्या लोणच्याच्या बरण्या उकिरड्यावर नेऊन रिकाम्या केल्या. गल्लीतली कुत्री दोन दिवस ओठ मागं घेऊन फिरत होती. रेश्मानं आमची बरणी हातात घेऊन मला विचारलं, "आत्ती, ही पण?"

"ती तू घातलेली न्हवं?"

तिनं बरणी फळीवर मागं सरकवून ठेवली. त्या दिवसापासनं ते लोणचं मला जाईना.

हरणाबाईकडं कुणी जाईना. नळावर ती आली की बाया आपली घागर घेऊन बाजूला व्हायच्या. इकडं माझी बोटं अशी मऊ झाली होती की मी पुन्हा वाकळ शिवायला लागले. आणि शुगर, खरीखुरी, टोचून बघितलेली, एकशे ऐंशीवर यायला लागली. लालासाहेब म्हणाले, "वहिनी, उतारा पडला तुमचा. कारखाना तोट्यात!" लोक हसले. मी वहीत आकडा लिहिला. वही कधी नव्हे ती खरी बोलत होती आणि मी नाही.

नवव्या दिवशी चार माणसं कुऱ्हाड घेऊन झाडाकडं गेली. पुढं लालासाहेब. झाडाला दोष म्हणे. मी भिंतीच्या अलीकडं उभी होते. हरणाबाई बाहेर आली. मला वाटलं, शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या. ती एवढंच म्हणाली, "तोडा. बुडका तेवढा ऱ्हाऊ द्या. ह्यांनी लावलंय."

फांदी पडली ती आमच्या अंगणात. लिंबं घरंगळत उंबऱ्यापर्यंत आली. रेश्मा आत जाऊन रडत बसली. मी म्हटलं, "काय झालं रडाय?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की सासूनं सुनेपुढं मान खाली घालायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली.

दहाव्या दिवशी सकाळी मी तिकटीवर गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "लिंबू माझं हुतं."

चंदनबालानं तराजू खाली ठेवला. लालासाहेब उठून उभे राहिले. मी सगळं सांगितलं: सुया शुगरच्या, लिंबू मी तोडलेलं, दगडावर मी ठेवलेलं. बोलून झालं. मग लालासाहेबांनी टाच आपटून मला सलाम केला.

"वहिनी, मान गये. अकरा वर्सं बोलत न्हाई, तरी जावंची अब्रू झाकाय सवताच्या अंगावर घेताय. ह्याला म्हनत्यात घराणं!"

"आवं, खरं सांगतीया मी!"

"काकींचं मन लय मोठं," चंदनबाला डोळे पुसत म्हणाली.

"मन गेलं उकिरड्यात! सुया माझ्या हायत!"

"बगा, बगा," लालासाहेब लोकांना म्हणाले, "किती तळमळत्यात."

उभ्या जन्मात माझ्या शब्दाला कुणी नाही म्हटलं नव्हतं. खोटं बोलले तेव्हासुद्धा नाही. आणि खरं बोलले तर मलाच थोर ठरवून मोकळे झाले. मी तशीच पंचायतीत गेले. म्हटलं, भाऊसाहेब, पुरावा म्हणून आणलंत ते लिंबू काढा कपाटातनं, माझ्या सुया आणि त्या सुया शेजारी ठेवून दाखवते. भाऊसाहेब डोकं खाजवायला लागले. लिंबू नासून वास सुटला म्हणून शिपायानं तिसऱ्याच दिवशी टाकून दिलं होतं.

"मग पंचनामा फाडा."

"कागद कसा फाडता येईल, आक्का? तालुक्याला गेला. मागं घ्यायचा तर अर्ज पायजे, आधारची झेरॉक्स पायजे, आणि पहिल्या पंचाची संमती पायजे."

"पहिली पंच मीच."

"मग संमतीला अडचण न्हाई. पण मालक अज्ञात लिवलाय न्हवं? तुमी मालक म्हनून अर्ज क्येला तर मालकच पंच कसा, असं साहेब इचारणार." त्यांनी उसासा टाकला. "लय गुंतागुंत हुईल, आक्का. ऱ्हाऊ द्या की."

घरी येताना हरणाबाईच्या दाराला कुलूप दिसलं. पहिल्या गाडीनं ती लेकीकडं माधवनगरला गेली होती. गल्लीत म्हणाले, बघा, पळाली.

त्यानंतरचे नऊ दिवस मी रोज चार वेळा हात धुऊन, हात लोंबता सोडून, कडेला टोचून शुगर बघितली. एकशे बहात्तर. एकशे चौसष्ट. जेवण जात नसलं की शुगर फार चांगली राहते, हे कुठल्या डॉक्टरानं मला सांगितलं नव्हतं. लिंबू ठेवल्याच्या एकोणिसाव्या दिवशी चौदा दिवस भरले होते. दवाखान्यात जायचा तोच दिवस. तिथं पंधराव्याची तपासणी झाली की तारीख. मी आणि रेश्मा सांगलीच्या गाडीत बसलो. माधवनगर आलं आणि मी उठले.

"आत्ती, अजून सांगली यायची हाय!"

"मला ठावं हाय. उतर."

हरणाबाईच्या लेकीचं घर जुन्या गिरणीच्या मागल्या चाळीत. हरणाबाई दारात ताटात गहू घेऊन निवडत बसली होती. मला बघून उठली नाही. रेश्माला म्हणाली, "ये बस गं." मी उभीच. अकरा वर्षांत एक गोष्ट शिकले होते, पहिलं कोण बोलतं ते बघायचं. पण त्या दिवशी ती रीत पाळायची माझी ऐपत नव्हती.

"लिंबू माझं हुतं," मी म्हटलं.

"ठावं हाय."

"कुणी सांगिटलं?"

"सांगाय कशाला पायजे? निळ्या टोप्या हुत्या सुयांला. ह्यांच्या टायमाला आमच्या घरात तसल्याच हुत्या. सा वर्सं मीच टोचत हुते की." ती खडे वेचून बाजूला टाकत होती. "पैल्याच दिवशी कळलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू सही करत हुतीस न्हवं," ती म्हणाली. "मी बगत हुते, किती झ्याक सही येती तुला."

मी उंबऱ्यावर बसले. ती गहू निवडता निवडता म्हणाली, "एकोणीस दिस लागलं."

"व्हय."

"हात बगू."

मी हात पुढं केला. तिनं एकेक बोट उघडून, उन्हाकडं धरून बघितलं. सोनियानं बघितलं होतं तसंच.

"कडंला टोचतीस?"

"आता कडंलाच."

"ह्यांस्नी पण सांगायची. ऐकलं न्हाई." तिनं हात सोडला. "झाडाचं काय?"

"बुडका हाय."

"फुटवा?"

"मला दिसत न्हाई, हरणे."

"मग हात लावून बग की. बोटं तर बरी झाली न्हवं तुजी."

ती आत गेली आणि चहा घेऊन आली. रेश्मा घाईनं म्हणाली, "काकी, त्यांना बिनसाखरंचा..." हरणाबाई थांबली. तिला माहीत होतं, विसरली असं झालेलं नव्हतं. कपबशी माझ्यापुढं धरून ती उभी राहिली. अकरा वर्षांत तिच्या हातचं पाणी मी घेतलं नव्हतं. मी कप घेतला. गोड मिट्ट, गुळासारखा. तळाला साखर राहिली होती ती बोटानं पुसून खाल्ली. आणि म्हटलं, "अजून हाय का?"

दुपारी सोनियानं टोचलं, दोनशे बहात्तर. तिनं वही चाळली, चौदा दिवस बघितले, माझ्याकडं बघितलं. "आजी! आज पंधरावा दिवस होता! काय खाल्लंत?"

"जावंचा च्या."

"आता पुन्हा पहिल्यापासून पंधरा दिवस. कळतंय का?"

म्हटलं, कळतंय. कळायचं तेवढं मला आता कळतंय.

हरणाबाई परत आली नाही. येईन असंही म्हणाली नाही. पंचनामा तालुक्यात आहे, माझ्या सहीसकट. गल्लीत अजून मला थोर मनाची म्हणतात, आणि मी आता पूर्वीसारखी भांडणंसुद्धा सोडवायला जात नाही. सकाळी उठले की भिंतीच्या मोडक्या बाजूनं पलीकडं जाते आणि बुडक्यावर हात फिरवते. साल खरखरीत, सुकी. लालासाहेब समोरनं बघतात. त्यांना वाटतं, मी दोष उतरवतेय.

काल असाच हात फिरवत होते, बुंध्याच्या खालच्या अंगाला, आणि कचकन टोचलं. मधल्या बोटाला, बरोबर मधोमध, गादीवर. पाच नंबरवर. मी बोट मागं घेतलं, पुन्हा हळूच नेलं. काटा होता, कोवळा, आणि त्याच्या बुडाशी काहीतरी मऊ होतं. नखाएवढं. दोन पानं असावीत.

बोटावर थेंब आला, चांगला टपोरा, न पिळता.

मी रेश्माला हाक मारली, "अगं, मशीन आण लवकर, थेंब वाया चाललाय! आणि मागनं माधवनगरला फोन लाव."